सशांना व्हिटॅमिन द्यायचं कसं, किती, आणि कधी अजिबात द्यायचं नाही

ससे पाळायला सुरुवात केली की पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगतं, "अहो पाण्यात व्हिटॅमिन टाकता की नाही?" मीही टाकत होतो. फलटणच्या बाजूला आमचं शेड आहे, चाळीसेक माद्या, सोव्हिएत चिंचिला आणि व्हाइट जायंट जातीच्या. गावातल्या दुकानातनं कोंबड्यांची व्हिटॅमिनची बाटली आणायची, झाकणाने मोजून ड्रममध्ये ओतायची, आणि आपण सशांसाठी लय काहीतरी करतोय असं वाटायचं. वर पॅलेट फीड (गोळ्यांचं तयार खाद्य) चालूच, त्या गोणीवर व्हिटॅमिन ए, डी, ई सगळं छापलेलं, पण ते वाचलंय कुणी! मग पिल्लं कमी यायला लागली, काही माद्या गाभण धरून पंधरा दिवसांनी रिकाम्या निघाल्या, एका मादीला तर डोकं फुगलेली मेलेली पिल्लं झाली. मी काय केलं असेल? व्हिटॅमिन कमी पडतंय असं समजून झाकण दीडपट केलं.

तिथंच चुकलं. सशात व्हिटॅमिन ए कमी पडल्याची आणि जास्त झाल्याची लक्षणं जवळजवळ सारखीच असतात: गर्भ विरघळणं, गर्भपात, लहान वेत, डोक्यात पाणी झालेली पिल्लं. म्हणजे नुसतं बघून कळतच नाही की कमी आहे का जास्त, हिशेबच करावा लागतो. हा सगळा लेख त्या हिशेबाचाच आहे, कॅल्क्युलेटर आणि लेबल घेऊन बसा.

आधी सशाची स्वतःची फॅक्टरी समजून घ्या

सशाच्या पोटात सीकम म्हणून एक मोठी पिशवी असते, लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर. त्यात जिवाणू असतात, ते पाला आंबवतात आणि आंबवता आंबवता बी गटातली व्हिटॅमिनं आणि व्हिटॅमिन के तयार करतात. हा माल बाहेर पडतो तो मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्यांमधून, साधारण रात्रीचं खाणं झाल्यावर, पहाटे-सकाळच्या शांत वेळी. ससा त्या थेट गुदाला तोंड लावून खातो, खाली पडूच देत नाही, म्हणून जाळीच्या पिंजऱ्यातही हे चालतं आणि बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं पत्ताच नसतो. नवीन माणूस ते बघून म्हणतो, ससा घाण खातोय. खाऊ द्या बाबा, त्याचा बी कॉम्प्लेक्स चाललाय.

व्हिटॅमिन सीचंही तसंच, ससा ते स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतो. गिनीपिगला बनवता येत नाही, त्याला बाहेरून लागतं, आणि दोघांना एकाच पंक्तीत बसवल्यामुळे सशाला उगाच सीच्या गोळ्या चारल्या जातात.

तेव्हा पहिलं काम बाटली आणायचं नाही, तर सकाळी सहाला शेडमध्ये जाऊन पिंजऱ्याखाली बघायचं. मऊ लेंड्यांचे घोस खाली पडलेले आहेत का? किंवा मादीच्या शेपटीखाली चिकटलेत का? असतील तर ससा त्या खात नाहीये, म्हणजे घरची व्हिटॅमिनं वाया चाललीत. कारण बहुतेक वेळा सरळ असतं: दाणा जास्त आणि चारा कमी, ससा लठ्ठ झालाय म्हणून तोंड मागं पोचत नाही, नाहीतर दात वाढलेत किंवा पायाला जखमा आहेत. दाणा कमी करून सुकं गवत मोकळं ठेवलं की बऱ्याचदा आठवड्याभरात फरक पडतो. चिकट पातळ हगवण असेल तर मात्र वेगळी गोष्ट, तिथं डॉक्टर.

मग बाहेरून द्यायचं काय उरतं

उरतात चार: ए, ई, डी आणि थोडं के. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९७७ साली सशांच्या गरजेचे आकडे काढले, त्यात वाढत्या सशाला एक किलो खाद्यात फक्त ५८० आययू (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) व्हिटॅमिन ए पुरतं असं आहे, गाभण मादीला ११६० च्या वर. व्यापारी फीडमध्ये याच्या कितीतरी पट टाकतात कारण साठवणीत आणि पॅलेट बनवताना गरम होऊन बरंच उडतं. चालू व्यवहारात धरायचे आकडे असे, सगळे एक किलो खाद्यामागे:

- ए: वाढत्या पिल्लांना ६००० आययू, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला १०,००० पर्यंत. १६,००० ही वरची हद्द मानतात, तिच्या जवळपासही जायचं कारण नाही.
- डी३: ८०० ते १००० आययू, थोडं इकडंतिकडं चालेल, २००० च्या वर नाही.
- ई: ४० ते ५० मिग्रॅ.
- के: १ ते २ मिग्रॅ, मुख्यतः गाभण माद्यांसाठी.

यातलं डी नीट लक्षात घ्या, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. गाय, कोंबडी, माणूस यांना कॅल्शियम शोषायला डी लागतं. सशाचं आतडं वेगळं आहे, ते डीवर फारसं अवलंबून न राहता खाल्लेलं कॅल्शियम भराभर आत घेतं आणि जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतं, म्हणून सशाची लघवी दुधाळ, खडूच्या पाण्यासारखी दिसते. अशा प्राण्याला डीचा मारा केला की कॅल्शियम मऊ अवयवांत बसायला लागतं, मोठी रक्तवाहिनी, किडनी कडक होते, ससा खाणं कमी करतो, झिजतो आणि एक दिवस जातो. वरून काहीच दिसत नाही. पिंजऱ्यात ऊन लागत नाही म्हणून डी द्यायचं, हे लॉजिक माणसाचं आहे, सशाला तसं चालवू नका.

ईचं उलट. त्यात कंजूषी नको. बऱ्याच जनावरांत ई आणि सेलेनियम एकमेकांचं काम सांभाळून घेतात, ससा मात्र जवळपास सगळा ईवरच अवलंबून असतो. कमी पडलं की स्नायू झिजतात, पिल्लं मागचे पाय ओढतात, मेलेली पिल्लं जन्मतात, जन्मलेली दोन-चार दिवसांत जातात. आणि ई खाणारा मोठा चोर म्हणजे खवट तेल. भाताचा कोंडा, तांदळाची पॉलिश, जुनी शेंगदाणा पेंड यातलं तेल खवट झालं की खाद्यातलं ई संपवून टाकतं. कोकणात ज्यांच्याकडे भाताचा कोंडा फुकट मिळतो त्यांनी हे जास्त बघायचं, पावसाळ्यात पंधरा दिवस पडलेला कोंडा नाकाला लावून बघा, वास आला तर गुरांना पण नको, सशाला तर नाहीच.

तुम्ही आत्ता काय चारताय, त्यावर सगळं ठरतं

तयार पॅलेट फीड चारत असाल, सशांसाठीचंच असेल, आणि गोणी तीन महिन्यांच्या आतली असेल, तर काहीही वरून देऊ नका. खरंच काही नाही. त्यात आधीच टाकलेलं असतं.

कोंबडीचं खाद्य सशाला चारत असाल तर व्हिटॅमिनचा विषय बाजूला ठेवा आणि आधी ते बंद करा. ब्रॉयलर फीडमध्ये कॉक्सिडिओसिससाठी (परजीवीमुळे होणारा रोग) नॅरासिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन अशी औषधं मिसळलेली असतात, कोंबडीला जो डोस चालतो तो सशाला विषारी होऊ शकतो. "शेजारी चारतो, काही होत नाही" हे मी पण ऐकलंय, शेजाऱ्याच्या गोणीत काय होतं हे त्याला पण माहीत नसतं.

घरचा दाणा आणि हिरवा चारा, असं चालू असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

सगळ्यात स्वस्त ए: हिरवा पाला

हिरव्या पानात कॅरोटीन असतं, ससा त्याचं व्हिटॅमिन ए करतो. शरीराला लागेल तसं करतो म्हणून हिरव्यातनं ओव्हरडोस व्हायची भीती बाटलीच्या मानाने फार कमी. आमच्याकडे लसूणघास भरपूर, राहुरी विद्यापीठाची आरएल-८८ लावलीय, एकदा पेरली की कापण्या चालू राहतात. त्यात ई पण चांगलं आणि के पण, म्हणजे चारपैकी तीन तिथंच आले. शेवग्याचा पाला, हादगा, दशरथ, चवळीचा वेल हे पण चालतात. सुबाभूळ थोडीच, तिच्यात मिमोसिन असतं आणि जास्त झाली की केस गळतात, मग लोक केसगळतीवर परत व्हिटॅमिन आणायला दुकानात जातात!

पण लसूणघासात कॅल्शियम पण भरपूर असतं, म्हणून रिकाम्या माद्या आणि नरांना ती मूठभरच, बाकी मारवेल, नेपिअर, सुकं गवत. गाभण, पाजत्या माद्या आणि वाढती पिल्लं यांना सढळ हाताने.

कापलेला चारा लगेच टाकायचा नाही, दोन-तीन तास सावलीत पसरून कोमेजू द्या, ढिगात गरम झालेला तर फेकूनच द्या. उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवायचा तर सावलीत वाळवा. कडक उन्हात पत्र्यावर वाळवलेली लसूणघास पिवळी पडते, तो पिवळेपणा म्हणजे कॅरोटीन उडालं. सुकी घास हिरवी दिसत असेल आणि चहापत्तीसारखा वास येत असेल तर काम झालं. तरी पाच-सहा महिन्यांनी त्यातलंही बरंच कमी होतं, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हिरवं संपतं आणि जुनी घास चालू असते तेव्हाच पावडरची खरी गरज पडते.

पावडर मिसळायची रीत

आमचा दाणा १०० किलोचा असा असतो: मका भरडा २२, गव्हाचा कोंडा ३०, सोयाबीन पेंड १५, लसूणघासाचा सुका चुरा २८, मळी अडीच, मिनरल मिक्श्चर २, मीठ अर्धा किलो. प्रोटीन १७-१८ टक्क्यांच्या आसपास बसतं, आणि वर सुकं गवत चोवीस तास मोकळं. हाच फॉर्म्युला धरा असं नाही, तुमच्याकडे जे स्वस्त ते, पण तंतू कमी करू नका.

आता व्हिटॅमिन. दुकानात एबी२डी३के या प्रकारची पावडर मिळते. लेबल वाचा. माझ्याकडच्या पाकिटावर एका ग्रॅममध्ये ए ८२,५०० आययू, बी२ ५० मिग्रॅ, डी३ १२,००० आययू, के १० मिग्रॅ असं आहे. १०० किलोला १० ग्रॅम टाकली तर: १० गुणिले ८२,५०० म्हणजे ८,२५,००० आययू, भागिले १०० किलो, किलोला ८२५० आययू ए. बरोबर मधोमध. डी३ चं १,२०,००० भागिले १००, किलोला १२००. हद्दीच्या आत. के १ मिग्रॅ. झालं, दहा ग्रॅम, आणि लोक यात मूठ टाकतात. तुमच्या पाकिटावरचे आकडे वेगळे असतील तर गणित परत करा, माझे दहा ग्रॅम उचलू नका.

या पावडरीत ई नसतं. ते वेगळं घ्यायचं, ५० टक्क्यांची पावडर येते, म्हणजे ग्रॅमला ५०० मिग्रॅ. किलोला ५० मिग्रॅ हवं तर १०० किलोला ५००० मिग्रॅ, म्हणजे परत १० ग्रॅमच. महाग वाटतं पण दर किलोचा हिशेब केला तर काहीच नाही.

मिसळताना धांदल नको. दहा ग्रॅम पावडर शंभर किलोच्या ढिगावर भुरभुरून फावड्याने दोनदा उलटली तर एका सशाला दहापट जाईल आणि दुसऱ्याला शून्य. सोनाराचा छोटा डिजिटल काटा घ्या, ऑनलाइन दोन-तीनशेत मिळतो. पावडर आधी अर्धा किलो मक्याच्या पिठात एका पिशवीत घालून पाच मिनिटं हलवा. ते पाच किलो कोंड्यात मिसळा. ते वीस किलोत. मग बाकी सगळ्यात. मिनरल मिक्श्चर आणि व्हिटॅमिन एकाच डब्यात आधीच मिसळून महिनोन्महिने ठेवू नका, तांबं-लोखंड व्हिटॅमिन खातं. दोन्ही त्याच दिवशी वेगवेगळे टाका. मळी शेवटी, कोमट पाण्यात पातळ करून, उकळत्या पाण्यात नाही. आणि एका वेळी पंधरा दिवसांचाच दाणा बनवा, पावसाळ्यात आठच दिवसांचा.

कोरडं पीठ सशाला आवडत नाही, नाकात जातं, शिंकतात. चारायच्या वेळेला थोडं पाणी मारून भुरभुरीत ओलं करायचं, आणि दोन तासांत उरलेलं काढून टाकायचं.

बाटलीचा हिशेब, जो मी केला नव्हता

कोंबड्यांच्या लिक्विडच्या एका मिलीत ए १२,०००, डी३ ६०००, थोडं ई आणि बी१२, अशा प्रमाणाच्या बाटल्या बाजारात असतात. आता एक मादी दिवसाला दीडशे ग्रॅम दाणा खाते असं धरा. तिला दिवसाला ए लागतं फारतर १५०० आययू आणि डी दीडशे. म्हणजे एक मिली पोटात गेलं तर आठ दिवसांचं ए आणि तब्बल चाळीस दिवसांचं डी एका दिवसात गेलं. मी हे रोज देत होतो, पॅलेटच्या वर!

गंमत अशी की ए बरोबर बसवायला गेलं तरी डी जास्तच होतं, कारण बाटलीत ए आणि डीचं प्रमाण दोनास एक आहे आणि सशाला साधारण दहास एक लागतं. म्हणून ही बाटली रोजच्या वापराची नाहीच. अडचणीत, म्हणजे दाण्यात पावडर नाही, हिरवं नाही, अशा वेळी वीस माद्यांच्या मिळून पाण्यात अडीच मिली, आठवड्यातून एकच दिवस, यापुढे मी जात नाही. डीच्या बाजूने तेवढंच बसतं. बाकी ए पाल्यातनं काढा.

पाण्यात टाकायचंच तर सकाळी ताजं, मडक्यात किंवा स्टीलमध्ये, बारा तासांनी उरलेलं ओतून निपल लाइन (पाणी पाजायची नळी) धुवा. उन्हात पारदर्शक पाइपमध्ये व्हिटॅमिनचं पाणी राहिलं की व्हिटॅमिन जातं आणि शेवाळ येतं. ब्लीचिंग टाकलेल्या पाण्यात तर टाकूच नका.

आणखी एक, आणि हे जिवावरचं आहे: बाटली किंवा पुडीवर व्हिटॅमिनसोबत अँटिबायोटिक लिहिलेलं असेल तर हात लावू नका. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन सशाच्या सीकममधले चांगले जिवाणू मारतं, वाईट वाढतात आणि दोन-चार दिवसांत हगवण लागून ससे मरतात. फॅक्टरीच बंद.

कधी खरंच जास्त द्यावं लागतं

कॉक्सिडिओसिसच्या उपचारात. लिव्हरच्या कॉक्सिडिओसिसमध्ये लिव्हरमधला एचा साठा घटतो. आणि सल्फा औषध चालू असलं की जिवाणूही दबतात आणि केचं कामही अडतं, त्यात सल्फाक्विनॉक्झलिन तर सरळ केच्या विरुद्ध जातं, म्हणून त्या दिवसांत के बाहेरून द्या, डॉक्टरांना विचारून. अँप्रोलियम चालू असेल तर मात्र बी कॉम्प्लेक्स सोबत देऊ नका. हे औषध बी१ सारखं सोंग घेऊनच परजीवीला उपाशी मारतं, तुम्ही वरून बी१ दिलं की परजीवीलाच जेवण मिळालं. कोर्स संपला की मग तीन-चार दिवस बी कॉम्प्लेक्स द्या, तेव्हा फायदा आहे.

पिल्लं तोडताना, म्हणजे आईपासून वेगळी करताना, महिन्या-पस्तीस दिवसांच्या दरम्यान. मऊ लेंड्या खायला ती तिसऱ्या आठवड्यानंतर शिकतात, सीकम अजून कच्चं असतं. तिथं थोडा बी कॉम्प्लेक्स पाण्यात तीन दिवस चालतो, पण दाणा हळूहळू वाढवणं हे त्याच्या दहापट कामाचं.

एप्रिल-मे. ससे खातच कमी, म्हणजे दाण्यातनं जाणारं व्हिटॅमिनही कमी. काही जण पाण्यात सी देतात, चालेल, नुकसान नाही. पण आधी गोणपाट भिजवा, दाणा रात्री आणि पहाटे द्या, मग सी.

जे व्हिटॅमिनचं नसतं

मान वाकडी झाली की सगळे बी१ ची इंजेक्शनं मारतात. बहुतेक वेळा ते कानाच्या आतलं इन्फेक्शन असतं, पाश्चुरेला जिवाणूचं, नाहीतर एनसेफॅलिटोझून नावाचा परजीवी. बी१ ने पाणीच नुसतं. कानात खपल्या म्हणजे खरूज, तिथं आयव्हरमेक्टिन. तळपायाला जखमा म्हणजे जाळी खराब, लाकडी फळी टाका. मादी छातीचे केस उपटते म्हणजे विणार आहे, घरटं पेटी द्या, सुपारीएवढं पण व्हिटॅमिन नको. लाल-नारिंगी लघवी बऱ्याचदा पाल्याच्या रंगामुळे असते. एकच मोठा ससा अचानक मागचे पाय ओढायला लागला तर बहुधा पाठ मोडलीय, घाबरून उसळताना मोडते. पण एकाच वेतातली चार-पाच पिल्लं ओढायला लागली तर ईचा विचार करा आणि आधी कोंड्याचा वास घ्या.

पावडरचं पाकीट फोडलं की फोडल्याची तारीख मार्करने वर लिहा, हवा काढून घट्ट बांधा, काळ्या डब्यात, घरात थंड जागेला. शेडच्या पत्र्याखाली नाही. मे महिन्यात तिथं हात लावता येत नाही, व्हिटॅमिन काय टिकणार. फोडलेलं पाकीट मी दोन-तीन महिन्यांच्या वर वापरत नाही, उरलं तर टाकतो, म्हणून शंभर ग्रॅमचंच आणतो, किलोचं स्वस्त पडत असलं तरी.